जकातीची पावती, उमऱ्याचा टीसीएस आणि मार्चअखेर

यंदा रमजान फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सुरू होतो आणि ईद मार्चच्या विशीत येते. म्हणजे जकातीचा हिशेब आणि आयकराचा हिशेब एकाच महिन्यात मांडायची वेळ आपल्यावर आली आहे. एरवी हे दोन्ही हिशेब वेगवेगळ्या वह्यांत असतात. जकातीची वही अम्मीकडे असते आणि कराचे कागद मुलाच्या ऑफिसच्या बॅगेत. या वर्षी दोन्ही वह्या शेजारी ठेवून पाहाव्यात असे आम्हाला वाटते, कारण ३१ मार्च २०२६ पूर्वी दिलेला पैसा याच वर्षात धरला जातो आणि १ एप्रिलला दिलेला पुढच्या वर्षात जातो.

हे वर्ष आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९६१ चा आयकर कायदा ज्या वर्षाच्या कमाईला लागू होतो, असे हे शेवटचे वर्ष. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा येत आहे. त्यात कलमांचे आकडे बदलतात. सगळ्यांच्या तोंडात बसलेले ‘८०सी’ तिथे कलम १२३ होते. पण १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या काळातल्या कमाईचे विवरणपत्र आपण जुन्याच कायद्याने भरणार आहोत. म्हणून या लेखात कलमांचे आकडे जुनेच दिले आहेत, आणि दरही याच वर्षाचे आहेत. पुढच्या वर्षाचे दर तेव्हा पाहून घ्यावेत.

आधी तीन शब्द वेगळे करून घेऊ, कारण घरोघरी ते एकमेकांत मिसळतात. पहिला शब्द वजावट. वजावट उत्पन्नातून होते. दहा हजारांची वजावट मिळाली म्हणजे दहा हजार वाचले असे नाही. त्या दहा हजारांवर जो कर लागला असता, तेवढाच वाचला. दुसरा शब्द सूट, म्हणजे बोली भाषेतला रिबेट. ती थेट करातून कमी होते. तिसरा शब्द जमा. आपल्या नावावर आधीच कापून सरकारकडे भरलेली रक्कम, म्हणजे टीडीएस आणि टीसीएस. ती आपलीच असते, फक्त मागावी लागते. मलेशियात भरलेली जकात थेट करातून वजा होते, म्हणजे ती सूट आहे. आपल्याकडे जकातीला मिळालीच तर वजावट मिळते, आणि तीही अटींसह. हा फरक ध्यानात ठेवला की पुढचे सोपे जाते.

आधी नवी की जुनी ते ठरवा

कर मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. आपण काहीच सांगितले नाही तर नवी पद्धत लागू होते. या वर्षी नव्या पद्धतीत पहिल्या चार लाखांवर कर नाही, चार ते आठ लाखांवर ५ टक्के, आठ ते बारावर १०, बारा ते सोळावर १५, सोळा ते वीसवर २०, वीस ते चोवीसवर २५ आणि त्यापुढे ३० टक्के. करपात्र उत्पन्न बारा लाखांपर्यंत असेल तर कलम ८७ए ची सूट सगळा कर पुसून टाकते. नोकरदाराला पगारातून ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते, म्हणून त्याच्यासाठी ही रेषा १२,७५,००० वर जाते. बारा लाखांपेक्षा थोडेच जास्त झाले तर, जेवढे जास्त झाले त्याहून जास्त कर लागत नाही, अशीही सोय आहे. मात्र शेअर विकून झालेला नफा किंवा लॉटरी यांसारख्या खास दराच्या उत्पन्नाला ही सूट धरून चालू नये.

आता एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकाचा वर्षाचा पगार ११,४०,००० आहे असे समजू. ७५,००० वजा केले की १०,६५,००० उरतात. कर शून्य. या शिक्षकाने मार्चच्या शेवटच्या आठवड्यात धावपळ करून कर वाचवण्यासाठी म्हणून एखादी विमा पॉलिसी घेतली, तर त्याचा एक रुपयाही कर वाचत नाही, कारण वाचवायला करच नाही. पॉलिसी घराला हवी असेल तर जरूर घ्यावी. पण विकणारा ‘टॅक्स बचेगा’ म्हणत असेल तर त्याला आधी हा हिशेब दाखवावा. आमच्या ओळखीतल्या कितीतरी घरांत याच एका शब्दावर पॉलिसी घेतल्या गेल्या आहेत आणि हप्ते अजून चालू आहेत.

जुन्या पद्धतीत अडीच लाखांपर्यंत कर नाही. साठी ओलांडलेल्यांना तीन लाख, ऐंशी ओलांडलेल्यांना पाच लाख. पुढे पाच लाखांपर्यंत ५ टक्के, दहा लाखांपर्यंत २० आणि त्यावर थेट ३०. प्रमाणित वजावट ५०,०००. दर जड आहेत, पण शाळेची फी, घरभाडे, आईवडिलांचा दवाखाना, जकातीची पावती हे सगळे याच पद्धतीत चालते. नव्या पद्धतीत यातले जवळपास काहीच चालत नाही. मालकाने एनपीएसमध्ये भरलेली रक्कम, भाड्याने दिलेल्या घराच्या कर्जाचे व्याज आणि कुटुंब निवृत्तिवेतनावरची वजावट, एवढेच तिथे महत्त्वाचे उरते. कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या विधवा भगिनींसाठी नवी पद्धत थोडी उदार आहे: निवृत्तिवेतनाचा तिसरा हिस्सा किंवा २५,००० यांतली कमी रक्कम वजा होते. जुन्या पद्धतीत हाच आकडा १५,००० आहे.

मग जुनी पद्धत कुणाला परवडते? मुंबईत नोकरी करणाऱ्या एका गृहस्थाचा पगार सोळा लाख आहे असे धरू. नव्या पद्धतीत १५,२५,००० वर कर होतो १,०८,७५०. त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे एकूण १,१३,१००. आता जुनी पद्धत पाहू. मूळ वेतन आठ लाख, एचआरए चार लाख, आणि तो महिना ३० हजार भाडे भरतो. एचआरएची माफी तीन रकमांतली सर्वांत कमी असते: मिळालेला एचआरए, मूळ वेतनाचा अर्धा भाग, किंवा भाड्यातून मूळ वेतनाचा दहावा हिस्सा वजा करून उरते ती रक्कम. इथे ती २,८०,००० येते. प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५००, ८०सी चे दीड लाख, स्वतःच्या आणि अम्मी-अब्बांच्या आरोग्याचे ७५,०००. एवढे सगळे वजा करूनही करपात्र उत्पन्न १०,४२,५०० राहते आणि कर उपकरासह १,३०,२६० होतो. म्हणजे सगळे कागद गोळा करूनही नवीच स्वस्त!

याच गृहस्थाने ४०,००० रुपये जकात अर्धी वजावट देणाऱ्या नोंदणीकृत संस्थेत दिली तर २०,००० आणखी कमी होतात. कर १,२४,०२० होतो. अजूनही नवी स्वस्त. पण त्याने मुलीच्या शिक्षणासाठी बँकेचे कर्ज घेतले असेल आणि वर्षाला १,२०,००० व्याज भरले असेल, तर उत्पन्न ९,०२,५०० वर येते आणि कर ९६,७२०. इथे जुनी पद्धत सोळा हजारांहून जास्त वाचवते. एका कागदाने पारडे फिरते. म्हणून शेजाऱ्याला जे परवडले तेच आपल्याला परवडेल असे धरू नये, आपला आकडा मांडून पाहावा. आयकर विभागाच्या संकेतस्थळावर दोन्ही पद्धतींची तुलना करणारे गणकयंत्र फुकट आहे.

नोकरदाराने ऑफिसात नवी पद्धत सांगितली असली तरी विवरणपत्र भरताना जुनी निवडता येते. अट एकच, विवरणपत्र मुदतीत भरले पाहिजे. मुदत गेली की जुनीचा दरवाजा बंद. दुकानदार आणि व्यावसायिकांना मात्र जुनी हवी असेल तर फॉर्म १०-आयईए आधी भरावा लागतो, आणि त्यांना दरवर्षी पद्धत बदलता येत नाही.

आधीच खर्च झालेला पैसा

८०सी म्हटले की लोकांना नवी गुंतवणूक आठवते. प्रत्यक्षात बहुतेक घरांत दीड लाखांची मर्यादा आधीच झालेल्या खर्चातून बरीचशी भरलेली असते. पगारातून कापलेला भविष्य निर्वाह निधी, घरकर्जाच्या हप्त्यातला मुद्दलाचा भाग, घर घेताना भरलेले मुद्रांक शुल्क आणि मुलांची फी. व्याजाच्या योजनांपासून लांब राहणाऱ्या घरांसाठी तर शाळेची फी ही सर्वांत सोपी वजावट आहे. तिच्यासाठी कुठेही पैसे गुंतवायचे नसतात, फक्त पावती जपायची असते.

यात काही बारकावे आहेत. फी म्हणजे शिकवणी शुल्क. देणगी, विकास निधी, बसचे पैसे, गणवेश यात धरत नाहीत. शाळा किंवा कॉलेज भारतात हवे आणि शिक्षण पूर्णवेळ हवे. खासगी क्लासची फी चालत नाही, संध्याकाळच्या मकतबचीही नाही. एका करदात्याला दोन मुलांची फी धरता येते. पण ही मर्यादा करदात्यागणिक आहे, कुटुंबागणिक नाही. आई आणि वडील दोघेही कर भरत असतील आणि मुले चार असतील, तर दोघांची फी वडिलांनी आणि दोघांची आईने दाखवावी. ज्याने दाखवायची त्याच्या खात्यातून फी गेलेली असावी, एवढे वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवून ठेवलेले बरे.

शिक्षणकर्जाची गोष्ट निराळी. कलम ८०ई मध्ये फक्त व्याज वजा होते, मुद्दल नाही. रकमेला मर्यादा नाही आणि फेड सुरू झाल्यापासून आठ वर्षे वजावट मिळते. कर्ज बँकेचे, वित्तसंस्थेचे किंवा मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेचे हवे. मामूंकडून किंवा जमातीच्या फंडातून बिनव्याजी कर्ज घेऊन मुलाला इंजिनिअर केले असेल, तर कायद्याच्या नजरेत वजा करण्यासारखे तिथे काहीच नसते. व्याज भरणाऱ्याला वजावट आणि व्याज टाळणाऱ्याला काहीच नाही, हे आम्हाला खटकते. पण आजची स्थिती ही आहे.

असेच आणखी एक. हिंदू अविभक्त कुटुंबाला स्वतंत्र पॅन मिळते आणि त्या कुटुंबाच्या नावाने वेगळी वजावटही घेता येते. हिंदू कायदा ज्यांना लागू आहे त्या जैन, शीख, बौद्ध कुटुंबांनाही ही सोय आहे. मुस्लिम कुटुंब तीन पिढ्या एका चुलीवर जेवत असले तरी कायद्याला ते कुटुंब म्हणून दिसत नाही, त्यातला एकेक कमावता माणूस दिसतो. त्यामुळे आपल्याकडे खर्चाची वाटणी कुणाच्या नावावर कशी होते याला जास्त महत्त्व आहे. अब्बांच्या आरोग्यविम्याचा हप्ता तीन भावांपैकी ज्याच्या खात्यातून गेला त्यालाच वजावट. अम्मी-अब्बांच्या मालकीच्या घरात राहून मुलगा त्यांना खरोखर भाडे देत असेल, तर त्याला एचआरएची माफी घेता येते. भाडे बँकेतून जावे, वर्षाला लाखाच्या वर असेल तर घरमालकाचे म्हणजे अब्बांचे पॅन द्यावे, आणि अब्बांनी ते आपल्या उत्पन्नात दाखवावे. त्यांना त्यातून ३० टक्के थेट वजा मिळतात आणि उत्पन्न कमी असेल तर कर लागतही नाही. नुसत्या कागदावरचे भाडे मात्र पकडले जाते. ज्यांना एचआरए मिळतच नाही आणि जे भाड्याने राहतात, त्यांच्यासाठी कलम ८०जीजी आहे. त्यात जास्तीत जास्त महिना ५,००० मिळतात.

घरातले आजारपण

आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित राहिलेला भाग हा आहे. आरोग्यविम्याच्या हप्त्यावर ८०डी मध्ये स्वतः, पत्नी आणि मुलांसाठी २५,००० आणि आईवडिलांसाठी आणखी २५,००० मिळतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक असते. आईवडील साठीच्या पुढे असतील तर त्यांच्यासाठी ही मर्यादा ५०,००० होते, हेही ठाऊक असते. ठाऊक नसते ते पुढचे. वय झालेल्या, विमा नसलेल्या आईवडिलांच्या दवाखान्यावर आणि औषधांवर झालेला खर्चही ५०,००० पर्यंत याच कलमात वजा होतो. आपल्या घरांत अब्बांचा विमा बहुधा नसतोच. वय झाल्यावर कंपनी देत नाही, दिला तर हप्ता झेपत नाही. मग बीपीची गोळी, साखरेची तपासणी, मोतीबिंदूचे ऑपरेशन सगळे खिशातून जाते आणि बिले कचऱ्यात. ही बिले जपावीत आणि पैसे कार्डाने किंवा यूपीआयने द्यावेत, कारण रोखीतला खर्च इथे चालत नाही. रोखीची मुभा फक्त प्रतिबंधात्मक तपासणीच्या ५,००० रुपयांना आहे, आणि तेही वरच्या मर्यादेतच धरले जातात. आईवडील आपल्यावर अवलंबून असलेच पाहिजेत अशी अट नाही. सासू-सासरे मात्र यात येत नाहीत. त्यांच्यासाठी घरातल्या सुनेने, ती कमावती असेल तर, आपल्या आईवडिलांच्या रकान्यात दाखवावे.

घरात दिव्यांग मूल, भाऊ, बहीण किंवा आईवडील सांभाळत असाल तर कलम ८०डीडी पाहा. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर ७५,००० आणि ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,००० वजा होतात. इथे प्रत्यक्ष खर्च किती झाला हे विचारले जात नाही, पूर्ण रक्कम मिळते. लागते ते वैद्यकीय प्रमाणपत्र. करदाता स्वतः दिव्यांग असेल तर हीच रक्कम कलम ८०यू मध्ये. कर्करोग, मूत्रपिंड निकामी होणे, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन अशा ठरावीक आजारांच्या उपचारासाठी ८०डीडीबी आहे. त्यात ४०,००० पर्यंत, आणि रुग्ण साठीच्या पुढचा असेल तर एक लाखापर्यंत खर्च धरता येतो. त्यातून विम्याचे मिळालेले पैसे वजा करायचे. तज्ज्ञ डॉक्टरांची चिठ्ठी हवी.

हे सगळे जुन्या पद्धतीत. नव्या पद्धतीत थॅलेसेमियाचे मूल असलेल्या आणि नसलेल्या घराला एकच दर. सुटसुटीतपणाच्या नावाखाली हे झाले आहे, आणि ते आम्हाला पटलेले नाही.

जकात आणि ८०जी

आता त्या वहीकडे वळू जी अम्मीकडे असते. जकात, सदका, फितरा यांचा मोठा भाग आपण थेट माणसांना देतो. विधवा शेजारीण, गावाकडचा गरीब विद्यार्थी, कर्जात बुडालेला नातलग. यावर आयकरात काहीही मिळत नाही, आणि मिळावे म्हणून ते देणे थांबवावे असे कुणी सुचवत असेल तर त्याचे ऐकू नये. ज्याचा हक्क शेजारच्या दारात आहे त्याला सोडून पावतीसाठी शहरातल्या ट्रस्टकडे धावण्यात अर्थ नाही. पण जो भाग आपण तसाही संस्थांना देतो, शिष्यवृत्ती देणाऱ्या ट्रस्टला, दवाखान्याला, अनाथालयाला, त्याचा कागद नीट घेतला तर वजावट मिळू शकते.

कलम ८०जी ची मुख्य अट अशी की संस्थेची या कलमाखाली नोंदणी हवी, आणि संस्था एखाद्याच धार्मिक समाजाच्या किंवा जातीच्या फायद्यासाठी आहे असे तिच्या घटनेत लिहिलेले नसावे. म्हणून मुस्लिमांनी चालवलेला पण सर्वांसाठी खुला असलेला दवाखाना किंवा शिष्यवृत्ती निधी यात बसू शकतो. ‘फक्त अमुक जमातीच्या मुलांसाठी’ असे लिहिलेली संस्था बसत नाही. स्त्रिया आणि मुलांसाठी, मागासवर्गीयांसाठी असलेल्या संस्थांना या अटीतून कायद्यानेच मोकळे ठेवले आहे. पूर्णतः किंवा मुख्यतः धार्मिक कामाला मात्र ८०जी नाही. मोहल्ल्याच्या मस्जिदीला, मदरशाला दिलेले पैसे म्हणून इथे येत नाहीत. याला एक जुना अपवाद आहे. ऐतिहासिक, पुरातत्त्वीय किंवा कलात्मक महत्त्वाचे, किंवा राज्यभर ख्याती असलेले प्रार्थनास्थळ म्हणून केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या मंदिर, मस्जिद, गुरुद्वारा, चर्च यांच्या दुरुस्तीला दिलेल्या देणगीला वजावट मिळते.

बहुतेक ट्रस्टांच्या देणगीची निम्मी रक्कम वजा होते, आणि तिलाही उत्पन्नाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याची मर्यादा आहे. पंतप्रधान आणि मुख्यमंत्री सहायता निधीला दिलेली पूर्ण रक्कम वजा होते. २,००० रुपयांवरची रोख देणगी धरत नाहीत. रेशन किट, कपडे, शिलाई मशीन अशी वस्तुरूप मदतही धरत नाहीत. वर दाखवलेल्या गृहस्थाचे ४०,००० देऊन वाचले किती? १,३०,२६० चे १,२४,०२० झाले, म्हणजे ६,२४०. रक्कम मोठी नाही. पण तिच्यातून एका मुलाची वर्षाची पुस्तके येतात.

पावती घेताना आपले पॅन संस्थेला द्यावे. हल्ली साध्या छापील पावतीवर वजावट मिळत नाही. संस्थेने देणग्यांची यादी आयकर विभागाकडे भरून आपल्याला फॉर्म १०बीई मध्ये प्रमाणपत्र द्यायचे असते, आणि त्याची मुदत ३१ मे आहे. रमजानमध्ये दिलेल्या पैशाचे हे प्रमाणपत्र जूनमध्ये हातात नसेल तर संस्थेच्या कचेरीत फोन करावा. लहान ट्रस्टांमध्ये हे काम करणारा माणूस अनेकदा एकच असतो आणि तो विसरतो.

एक प्रश्न नेहमी येतो. बचत खात्यावर जमा होणारे व्याज आपण वापरत नाही, गरिबाला देऊन टाकतो, मग ते उत्पन्नात कशाला दाखवायचे? दाखवावेच लागते. पैसा खात्यात आला की कायद्याने ते उत्पन्न झाले. पुढे त्याचे काय केले हा वेगळा प्रश्न. आणि बँकेने ते व्याज आधीच कळवलेले असते, ते आपल्या वार्षिक माहिती पत्रकात दिसते. जुन्या पद्धतीत बचत खात्याच्या १०,००० पर्यंतच्या व्याजाला ८०टीटीए ची वजावट आहे. साठीपुढच्यांना बँकेच्या सर्व ठेवी मिळून ५०,००० पर्यंत ८०टीटीबी आहे.

कापलेले परत मागा

वजावटीत निम्म्याची, दहाव्या हिश्श्याची भाषा असते. जमेत तसे नसते. तिथे पूर्ण रुपया आपला असतो.

परदेश यात्रेच्या पॅकेजवर टूर ऑपरेटरला टीसीएस घ्यावा लागतो, आणि खासगी ऑपरेटरकडून घेतलेले उमऱ्याचे पॅकेज त्यात येते. या वर्षी एका व्यक्तीच्या दहा लाखांपर्यंतच्या पॅकेजवर ५ टक्के आणि त्यावरच्या रकमेवर २० टक्के असा दर आहे. माणशी १,३०,००० चे पॅकेज असेल तर ६,५०० रुपये. नवरा-बायको, अम्मी आणि अब्बा मिळून २६,०००. बिलात हा आकडा एका ओळीत असतो आणि बहुतेक लोक तो खर्च समजून विसरतात. तो खर्च नाही, तो आपल्या नावावर भरलेला आगाऊ कर आहे. ज्याच्या पॅनवर भरला त्याच्या २६एएस मध्ये तो दिसतो, आणि विवरणपत्र भरले की करातून वजा होतो किंवा परत मिळतो.

इथे पॅन कुणाचे दिले याला महत्त्व येते. सगळ्यांचे बुकिंग मुलाच्या पॅनवर झाले तर सगळी जमा मुलाच्या नावावर. तो नोकरदार असेल तर त्याने फॉर्म १२बीएए भरून ऑफिसला कळवावे, म्हणजे पगारातून कापला जाणारा कर तेवढा कमी होतो आणि परताव्याची वाट पाहावी लागत नाही. अम्मीच्या पॅनवर झाले असेल आणि तिला कसलेही करपात्र उत्पन्न नसेल, तर तिला कर लागत नाही, पण ६,५०० परत हवे असतील तर तिच्या नावाने विवरणपत्र भरावे लागेल. पॅन दिलेच नसेल, किंवा आधारशी न जोडल्यामुळे निष्क्रिय झालेले असेल, तर दर दुप्पट होतो. बुकिंगच्या वेळीच हे पाहून घ्यावे. ऑपरेटरकडून फॉर्म २७डी मागून घ्यावा. २६एएस मध्ये रक्कम दिसत नसेल तर त्याने ती भरलेली नाही किंवा चुकीच्या पॅनवर भरली आहे, आणि विचारायची वेळ जुलैच्या आधीची आहे.

कोकणातल्या घरांसाठी दुसरी गोष्ट. आखातात नोकरी करणारा मुलगा अनिवासी ठरत असेल तर तिथल्या पगारावर इथे कर नाही, आणि एनआरई खात्याच्या व्याजावरही नाही. पण गावच्या बँकेतल्या एनआरओ ठेवीवर बँक उपकरासह ३१.२ टक्के कापते. दोन लाख व्याज असेल तर ६२,४०० गेले. त्याचे भारतातले उत्पन्न तेवढेच असेल तर ते चार लाखांच्या आत आहे, कर शून्य आहे आणि ६२,४०० पूर्ण परत मिळायला हवेत. विवरणपत्र भरत नाही म्हणून ते तिथेच राहतात. त्याच वेळी हेही माहीत असावे की बारा लाखांपर्यंत करमुक्तीची ८७ए ची सूट फक्त निवासी माणसाला आहे, अनिवासीला नाही. नवऱ्याने बायकोला पाठवलेल्या पैशावर तिला कर लागत नाही, पण त्या पैशाची तिने ठेव केली तर तिचे व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात धरले जाते.

इथे राहणाऱ्या ज्येष्ठांचे व्याज वर्षाला एका बँकेत एक लाखापर्यंत असेल तर या वर्षी बँक काही कापत नाही. त्याहून जास्त असेल आणि एकूण कर शून्य येत असेल, तर एप्रिलमध्येच बँकेला कर न कापण्याचा फॉर्म द्यावा.

परतावा आणून देणारे

‘तुमचा सगळा कापलेला कर परत आणतो, दहा टक्के माझे’ असे सांगणारे एजंट आता गल्लीबोळांत आहेत. ते कसे आणतात? न भरलेले भाडे, न घेतलेला विमा, नसलेला आजार, आणि कुठल्यातरी अनोळखी राजकीय पक्षाला दिलेली देणगी दाखवून. विवरणपत्र आपल्या नावाचे असते, मोबाईल नंबर आणि ईमेल मात्र एजंटचा, त्यामुळे नोटीस आली तरी आपल्याला कळत नाही. जुलै २०२५ मध्ये आयकर विभागाने अशा खोट्या वजावटींविरुद्ध देशभर मोठी तपासणी केली. आता विवरणपत्रात विमा पॉलिसीचा नंबर, कर्ज खात्याचा नंबर, बँकेचे नाव असे तपशील द्यावे लागतात, आणि ते दुसऱ्या बाजूने आलेल्या माहितीशी जुळवले जातात. उत्पन्न खोटे दाखवल्याचा दंड चुकवलेल्या कराच्या दुप्पट असू शकतो. तो एजंट भरत नाही.

असे विवरणपत्र आपल्या नावाने गेलेले लक्षात आले तर अद्ययावत विवरणपत्र भरून ते स्वतः दुरुस्त करता येते. संबंधित निर्धारण वर्ष संपल्यापासून चार वर्षांपर्यंत ही सोय आहे. कर, व्याज आणि त्यावर २५ ते ७० टक्के जादा रक्कम भरावी लागते. जितका उशीर तितकी रक्कम जास्त. मात्र या वाटेने परतावा मागता येत नाही. म्हणजे अम्मीच्या उमऱ्याचे ६,५०० आणि एनआरओचे ६२,४०० हवे असतील तर नोकरदार आणि निवृत्तांसाठीची ३१ जुलैची मुदत पाळावी, आणि ती हुकलीच तर उशिराचे विवरणपत्र ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत भरता येते.

आत्ता, फेब्रुवारीत, एवढेच करायचे आहे: संकेतस्थळावर प्रत्येकाने आपल्या पॅनने जाऊन २६एएस आणि वार्षिक माहिती पत्रक उतरवून घ्यावे, आणि नोंदवलेला मोबाईल नंबर घरातलाच आहे ना हे पाहावे.